गाडी खाली बसवताना मणक्याचाही विचार

नवी गाडी घेतली की वर्षभरातच काही तरुणांना ती ‘खाली बसवायची’ हौस येते. मोठी अलॉय व्हील, रुंद टायर आणि टायर व मडगार्ड यांच्यातली पोकळी जवळजवळ नाहीशी झालेली गाडी देखणी दिसते, हे मान्य करायला हवे. त्यात केवळ दिखावा असतो असेही नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की ती वळणावर कमी कलते आणि वेगात स्थिर वाटते. शर्यतीच्या गाड्या जमिनीला चिकटलेल्या असतात, त्याचे हे एक कारण आहे. पण शर्यतीच्या रस्त्यावर खड्डे नसतात आणि मागच्या सीटवर आजीही बसलेली नसते.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पावसाळ्यात एक वाक्य नेमाने ऐकू येते: ‘गाडी खड्ड्यात आदळली आणि तेव्हापासून कंबर धरली.’ गाडीची स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘शॉकअप’, बदलण्याचा निर्णय या वाक्याशी थेट जोडलेला आहे. म्हणून या सुट्या भागांकडे आज डॉक्टरच्या नजरेने पाहू.

शरीरातली स्प्रिंग

आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीच्या गाभ्यात पाण्याचा अंश भरपूर असलेला मऊ, जेलीसारखा पदार्थ आणि त्याभोवती चिवट तंतूंचे कडे असते. मानेपासून कमरेपर्यंत कण्याला जी नागमोडी वळणे आहेत, तीही धक्का जिरवायलाच उपयोगी पडतात. चकत्या आणि वळणे ही आपली स्प्रिंग, तर पाठीचे आणि पोटाचे स्नायू हे आपले शॉकअप. वयानुसार चकतीतले पाणी कमी होते, स्नायू सैल पडतात आणि ही व्यवस्था झिजते.

प्रत्येक स्प्रिंगला हेलकाव्याची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो, तसेच शरीराचेही आहे. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा वरखाली हलवले, की त्या हालचालीला शरीराकडून साथ मिळते आणि कण्यावरचा ताण वाढतो. ट्रॅक्टर, ट्रक आणि मातीकामाची यंत्रे वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, ती या प्रकारच्या कंपनांमुळे. युरोपीय संघाने कामगारांना किती कंपने सोसावी लागावीत यावर २००२ साली कायदेशीर मर्यादा घातली, तीही याच अनुभवातून.

स्प्रिंगचे काम वेगळे, शॉकअपचे वेगळे

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि धक्का काही काळ स्वतःत साठवते. साठवलेला धक्का ती परत देणारच. तो परत देताना गाडी नाचत राहू नये, म्हणून शेजारी शॉकअप असतो. त्यातले तेल बारीक झडपांमधून ढकलले जाते आणि धक्क्याच्या ऊर्जेची उष्णता होऊन ती निघून जाते.

साध्या प्रवासी गाडीच्या एका चाकावर समजा ३०० किलो भार आहे आणि तिथल्या स्प्रिंगला १ मिलीमीटर दाबायला सुमारे २ किलोचा भार लागतो. अशी गाडी सेकंदाला साधारण १.३ हेलकावे घेते. ही लय शरीराच्या ४ ते ६ च्या लयीपासून बरीच दूर आहे, म्हणून गाडी ‘मऊ’ वाटते. सोप्या गणिताने पाहिले, तर कण्याला नकोशा असलेल्या कंपनांपैकी पाचव्या हिश्श्याहूनही कमी भाग अशा गाडीतून सीटपर्यंत पोहोचतो. स्प्रिंग इतकी कडक केली की गाडीची लय सेकंदाला २ हेलकाव्यांवर जाते, तर तोच भाग एक तृतीयांश होतो.

स्प्रिंग बदलली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर आणखी एक अडचण येते. जितकी स्प्रिंग कडक, तितका तिला आवरणारा शॉकअप जोरकस हवा. ६० हजार किलोमीटर चाललेल्या, तेल गळणाऱ्या शॉकअपशेजारी नवी कडक स्प्रिंग बसवली, की गाडी उसळते, चाक क्षणभर रस्ता सोडते आणि ब्रेकची पकडही कमी होते. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी एकमेकांना साजेशी हवी.

खरा दोषी कडकपणा नव्हे

‘गाडी खाली केली की स्प्रिंग कडक होते, म्हणून पाठ दुखते,’ असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. चांगल्या कंपनीची लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा ३० टक्के कडक असली, तरी गाडीची लय १.३ वरून जेमतेम १.५ वर जाते. एवढा फरक बहुतेक निरोगी माणसे सहज सोसतात.

खरा घाटा असतो तो चाकाला वर सरकायला उरलेल्या जागेचा. चाक खड्ड्यातून बाहेर येताना किंवा गतिरोधकावर चढताना वर सरकते. ती जागा संपली की ‘बंप स्टॉप’ नावाचा रबराचा किंवा फोमचा ठोकळा चाकाला अडवतो. आता समजा मूळ गाडीत ही जागा ८० मिलीमीटर होती आणि आपण गाडी ३० मिलीमीटर खाली केली. उरले ५०. तोच धक्का ५० मिलीमीटरमध्ये जिरवायचा, तर स्प्रिंग अडीचपट कडक हवी, कारण हे गणित अंतराच्या वर्गाने बदलते. जागा निम्मी झाली, तर चौपट कडक हवी. एवढी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीला कोणी बसवत नाही. म्हणजे मोठ्या खड्ड्यात उरलेला धक्का तो ठोकळा घेणार. तोही पूर्ण दबला, की धक्का सीटमधून थेट मणक्यात. गाडीत बसलेल्याला जो ‘धाड’ असा आवाज येतो, तो याचाच.

त्यात मोठे रिम आणि पातळ टायर घातले, तर टायरमधल्या हवेची मऊ गादीही कमी होते. धक्का जिरवणारी पहिली पायरी ती असते.

मागच्या सीटवर कोण आहे?

गाडी चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. नकळत त्याचे स्नायू आवळतात, हात स्टिअरिंगवर घट्ट होतात. मागे बसलेल्याला ही पूर्वसूचना नसते. ती व्यक्ती पोक काढून, पेंगत बसलेली असते आणि मागचे चाक जवळजवळ तिच्याखालीच असते. त्यातून घरातली ज्येष्ठ मंडळी बहुधा मागेच बसतात.

पाठीचा वरचा भाग फासळ्यांमुळे ताठ असतो आणि कंबर लवचिक. या दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका जिथे भेटतात तिथे, खालून आलेला धक्का एकवटतो. बसच्या शेवटच्या सीटवरून गतिरोधकावर उसळलेल्या प्रवाशांचे याच जागचे मणके दबल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हाडे ठिसूळ झालेली असतील, तर याहून लहान धक्काही पुरतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया, दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि सत्तरी ओलांडलेले यांना हा धोका अधिक.

अशा व्यक्तीला गाडीतल्या धक्क्यानंतर पाठीत अचानक तीव्र वेदना झाली आणि उठता-बसताना ती वाढत असेल, तर तेल लावून आठवडाभर वाट पाहू नये. एक्स-रे काढून घ्यावा. पाय लुळे वाटणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गतिरोधकाचे गणित

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असावी. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा, ही अपेक्षा. अडीच मीटरहून थोडे कमी अंतर असलेली पुढची-मागची चाके या रुंद उंचवट्यावर एकदमच चढलेली असतात. त्यामुळे गाडीच्या पोटाला मध्यभागी जेमतेम साडेचार सेंटिमीटर मोकळी जागा लागते. खाली बसवलेली गाडीही त्यावरून आरामात जाईल.

पण गल्लोगल्ली आपल्याला भेटतात ते अरुंद, टोकदार, रातोरात ओतलेले उंचवटे. त्यावर पुढची चाके उतरतात, मागची चढायची असतात आणि मधला पूर्ण उंचवटा गाडीच्या पोटाखाली असतो. रिकाम्या हॅचबॅकची जमिनीपासूनची उंची १७ सेंटिमीटर धरा. चार माणसे आणि सामान यांनी ती तीन-चार सेंटिमीटर खाली जाते. त्यात लोअरिंगचे ४ वजा केले, की ९-१० उरतात. मग तेलाचे चेंबर घासते. जपानमध्ये, जिथे गाड्या खाली बसवण्याची मोठी हौस आहे, तिथेही तपासणीत किमान ९ सेंटिमीटर उंची मागतात, आणि तिथले रस्ते आपल्यासारखे नाहीत.

निवडताना काय पाहावे

गाडी खाली करायचीच असेल, तर रोजच्या वापरासाठी २०-२५ मिलीमीटरवर थांबावे. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंग घ्यावी. ‘सगळ्या गाड्यांना बसते’ असे सांगून विकलेली घेऊ नये. पहिल्या अर्ध्या प्रवासात मऊ आणि पुढे कडक होत जाणारी, म्हणजे ‘प्रोग्रेसिव्ह’ स्प्रिंग मिळाली तर कुटुंबाच्या गाडीला ती अधिक सोयीची. तिच्यासोबत कमी लांबीचा, तिच्या कडकपणाला जुळणारा शॉकअप आणि त्याच संचातला बंप स्टॉप घ्यावा.

उंची कमी-जास्त करता येणारे ‘कॉइलओव्हर’ महाग असतात. त्यातही एक भेद आहे. काहींमध्ये स्प्रिंगची बैठक खाली सरकवून उंची कमी होते आणि चाकाची वर सरकण्याची जागा घटते. काहींमध्ये शॉकअपचे खालचे टोकच फिरवून लांबी बदलते आणि शॉकअपच्या आतला प्रवास शाबूत राहतो. पण तिथेही मडगार्ड आणि टायर यांच्यातले अंतर घटतेच. विकत घेण्यापूर्वी नेमके कोणते आहे, हे विचारावे.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंग एकाच संचातल्या हव्यात. मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने १९३०च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकच्या गाड्यांवर प्रयोग करून दाखवले, की मागची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद असेल तर गाडी डुलत नाही. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागून निघालेला हेलकावा मग त्याला गाठतो आणि गाडी सपाट राहते. फक्त पुढून गाडी दाबली, की हा ताळमेळ बिघडतो.

स्प्रिंगची वेटोळी कापणे हा स्वस्त उपाय कटाक्षाने टाळावा. सहा वेटोळ्यांची स्प्रिंग पाच केली, तर ती २० टक्के कडक होते. पण चाक हवेत लोंबले की ती बैठकीतून सुटू शकते. गॅसवर तापवून दाबलेल्या स्प्रिंगचे तर पोलादाला दिलेले पाणीच उतरते, ती पुढे बसत जाते किंवा तुटते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करणे सक्तीचे समजावे, कारण उंची बदलली की चाकांचा कल बदलतो आणि टायर आतून झिजतात.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीतले बदल निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असता कामा नयेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही विचारावे. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

सगळे ठरले, की ज्याने तोच संच बसवला आहे अशा ओळखीच्या माणसाची गाडी अर्धा तास मागून घ्यावी. ती स्वतः चालवू नये. चार माणसे बसवावीत, आपण मागे बसावे आणि रोजच्या रस्त्यावरून, रोजच्या गतिरोधकांवरून जाऊन यावे. तीनदा ‘धाड’ आवाज आला, तर ती उंची आपल्या घरच्यांसाठी नाही.