लिनक्स सर्व्हरवरील नेटवर्क पत्त्याची पडताळणी

ग्रंथालयाची संगणकीय सूची ज्या लिनक्स सर्व्हरवर असते, त्याचा आयपी पत्ता चुकल्यास ती वाचकांना अनुपलब्ध होते. म्हणून पडताळणी दोन पातळ्यांवर करणे आवश्यक ठरते. ‘आयपी अ‍ॅड्रेस शो’ ही आज्ञा केवळ चालू स्थिती दर्शविते. पत्ता १९२.१६८.१.१०/२४ असल्यास पहिले २४ बिट नेटवर्कचे असून उर्वरित ८ बिटांतून २५४ पत्ते वापरता येतात. ‘आयपी रूट शो’ या आज्ञेने गेटवे कळतो. मात्र केवळ आज्ञेद्वारे दिलेला पत्ता यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो; कायम राहते ती संरचना-फाइलमधील नोंद. सबब, दोहोंची तुलना केल्याशिवाय पडताळणी पूर्ण होत नाही. खंडित वीज परत आल्यावर सूची उपलब्ध राहील की नाही, हे त्या नोंदीवरच अवलंबून असते.