पाव काढला तर वडापावात काय उरतं?

मागच्या भागात आपण भात आणि भाकरीचा हिशेब मांडला होता. त्यावर जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे जेवणाचे नव्हतेच. ते होते संध्याकाळी पाचच्या भुकेचे. वडापावाचं काय? टोस्ट सँडविच अजिबातच बंद का? ऑम्लेट पावातलं नुसतं ऑम्लेट खायचं, तर मग मजा काय राहिली?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यानुसार देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, म्हणजे दहा कोटींच्या वर माणसं. अशा घरात पहिला हुकूम सुटतो तो पावावर. आठ दिवस तो पाळला जातो, नवव्या दिवशी माणूस स्टेशनबाहेर उभा राहून दोन वडापाव खातो आणि घरी येऊन भूक नाही म्हणतो. आम्हाला वाटतं, ही चोरी थांबवायची तर त्याला घरातच, सगळ्यांबरोबर, हातात धरून खाण्यासारखं काहीतरी मिळालं पाहिजे. आजचा विषय तेवढाच आहे.

पाककृतीकडे वळण्याआधी एक सूचना, ती कृपया वगळू नका. ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या आहेत, त्यांनी कर्बोदकं एकदम कमी केली आणि औषध तेवढंच ठेवलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी तर अगदी कमी कर्बोदकांचा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी पनीर-अंडी वाढवण्याआधी विचारावं. एखादं सँडविच बदलणं वेगळं आणि अख्खा आहार बदलणं वेगळं, हे लक्षात असू द्या.

आता हिशेब. लादीतला एक मध्यम पाव साधारण ४५ ग्रॅमचा धरू. मैद्याच्या पावात वजनाच्या निम्मी कर्बोदकं असतात, म्हणजे झाली २२-२३ ग्रॅम. वड्यातला साठ-सत्तर ग्रॅम बटाटा म्हणजे आणखी बारा. वरच्या बेसनाच्या आवरणाचे आठ-दहा. गोड चटणीचे चार. एका वडापावाचे पन्नासच्या आसपास झाले की नाही? आता बघा, नुसता पाव काढून वडा खाल्ला तरी निम्मं शिल्लकच राहतं. लोक पावाला शिव्या देतात आणि बटाट्याला सोडून देतात.

दुसरा गोंधळ ‘पौष्टिक’ पर्यायांचा. नाचणीचा पाव, ज्वारीचा पाव, मल्टिग्रेन. ज्वारी, बाजरी, नाचणी ही चांगली धान्यं आहेत, पण १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं साधारण ६५ ते ७२ ग्रॅम. लो-कार्ब नव्हेत. ब्राऊन ब्रेडच्या पाकिटावरची घटकांची यादी एकदा वाचा, पहिलं नाव बऱ्याचदा मैद्याचंच असतं आणि रंग कॅरॅमलचा. आणि बेसन? बेसनाच्या धिरड्यांत भाजी भरून ‘ब्रेडशिवाय सँडविच’ म्हणतात. १०० ग्रॅम बेसनात ५८ ग्रॅमच्या जवळपास कर्बोदकं असतात. चाळीस ग्रॅम बेसनाचं धिरडं म्हणजे जवळजवळ एक पावच. फरक असा, की बेसनात प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर आहेत, तंतू आहेत, म्हणून साखर पावाइतकी झपकन चढत नाही. तेव्हा धिरडं जरूर खा, फक्त ते मधला मार्ग आहे हे माहीत असू द्या.

मग पावाच्या जागी ठेवायचं काय? इथे थोडं थांबू, कारण बहुतेक प्रयोग इथेच फसतात. सगळ्यांना एकच ‘लो-कार्ब ब्रेड’ हवा असतो. पण पाव प्रत्येक पदार्थात तेच काम करत नाही. वडापावात तो मऊ गादी असतो, चटणीचा तिखटपणा शोषून घेतो, सौम्य करतो. टोस्ट सँडविचमध्ये तो कुरकुरीत पेटी असतो, आतलं ओलं सारण धरून ठेवतो. ऑम्लेट पावात तो नुसता धरायचा कागद. ही सगळी कामं गव्हातलं ग्लुटेन आणि स्टार्च मिळून करतात. ग्लुटेन ताणलं जातं आणि हवा धरून ठेवतं, स्टार्च पाणी पिऊन फुगतं आणि भाजल्यावर घट्ट होतं. ते काढलं की त्या पदार्थाला यांतलं नेमकं कोणतं काम हवं आहे तेवढंच बघायचं.

वडापावाला गादी हवी. त्यासाठी बदामाचं पीठ आणि इसबगोल ही जोडी चांगली. इसबगोल म्हणजे बहुतांशी तंतू. तो पाण्यात फुगून चिकट जाळं करतो आणि ग्लुटेनचं काम बऱ्यापैकी निभावून नेतो. दीडशे ग्रॅम बदामाचं पीठ, मिक्सरमधून बारीक केलेला चाळीस ग्रॅम इसबगोल, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा मीठ हे कोरडंच एकत्र करा. त्यात तीन अंड्यांचं पांढरं, दोन चमचे व्हिनेगर आणि शेवटी एक कप उकळतं पाणी घालून भराभर ढवळा. मिश्रण मिनिटभरात घट्ट होतं. ओल्या हाताने सहा गोळे करून ओव्हनमध्ये १७५ अंशांवर पन्नास ते साठ मिनिटं भाजा. तळ टिचकी मारल्यावर पोकळ वाजला पाहिजे. एका पावात पचणारी कर्बोदकं तीन-चार ग्रॅम. अंडं न खाणाऱ्यांनी पांढऱ्याऐवजी आंबट चक्का घालावा. पाव कमी फुगतो पण धरून राहतो. काही इसबगोलाने पाव जांभळट दिसतो, घाबरू नका, बिघडलेला नाही. आणि हे खाल्ल्यावर पाणी भरपूर प्या, नाहीतर इसबगोल उलटाच अडकून बसतो. रोजच्या गोळ्या आणि हा पाव यांत एक-दोन तासांचं अंतर ठेवलेलं बरं.

बदाम महाग आहेत, मान्य. त्याला आपल्याकडचं उत्तर जवस. जवसात १०० ग्रॅमला एकोणतीस ग्रॅम कर्बोदकं दिसतात, पण त्यांतले सत्तावीस तंतूच. तीन मोठे चमचे ताजं कुटलेलं जवस, एक अंडं, चमचाभर तेल, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ. कपात घालून मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट, नाहीतर छोट्या कढल्यात झाकण ठेवून मंद आचेवर. रंग काळपट येतो, वास जरा उग्र. नुसता खाल तर नाक मुरडाल, पण लसणाच्या सुक्या चटणीबरोबर हाच वास छान बसतो. जवसाची चटणी खाणाऱ्या घरांत याची तक्रार आम्ही ऐकलेली नाही. कुटून ठेवू मात्र नका, लवकर खवट होतं.

आता वडा. बटाट्याच्या जागी फ्लॉवर, ही कल्पना सगळ्यांना सुचते आणि सगळ्यांचा वडा तेलात फुटतो. कारण पाणी. बटाट्याचा स्टार्च शिजल्यावर पाणी धरून ठेवतो, फ्लॉवर ते सोडत राहतो. म्हणून फ्लॉवर उकडायचा नाही, वाफवायचा. गार झाल्यावर पंच्यात बांधून घट्ट पिळायचा, आणि मग तव्यावर तेल न घालता दोन-तीन मिनिटं परतायचा. यात फ्लॉवरच्या निम्मं कुस्करलेलं पनीर, दोन चमचे दाण्याचं कूट आणि अर्धा चमचा इसबगोल. कूट उरलेली ओल शोषतं, इसबगोल बांधतो. फोडणी मात्र नेहमीचीच हवी: मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा. वड्याची चव बटाट्यात असते असं आपण समजतो, खरं तर ती या फोडणीत असते. गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

आवरण बेसनाचंच ठेवा. इथे आम्ही तडजोड मुद्दाम करतो. बेसनाच्या कुरकुरीत कडांशिवाय तो वडा राहत नाही, कटलेट होतो. पीठ पातळ भिजवलं तर एका वड्याला सात-आठ ग्रॅम बेसन पुरतं, म्हणजे चारेक ग्रॅम कर्बोदकं. तळायचं नसेल तर आप्पेपात्रात चमचाभर तेलावर छान होतात. गोड चटणी बाद. लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट यांची कोरडी चटणी, बाजूला तळलेली मिरची. एका वडापावाचा हिशेब पन्नासवरून दहा-बाराच्या आसपास येतो.

टोस्ट सँडविचमध्ये पेटी हवी. शाकाहारी घरात सोपा मार्ग म्हणजे पनीरच ब्रेड. उत्तरेकडे पनीरच्या दोन चकत्यांमध्ये चटणी भरून भजी करतात, तीच युक्ती, फक्त भजीशिवाय. घट्ट पनीरच्या बोटाच्या जाडीच्या चकत्या टिपून कोरड्या करा, बटरवर एकाच बाजूने लालसर भाजा, भाजलेली बाजू बाहेर ठेवा. अंडं चालत असेल तर पंचवीस-तीस ग्रॅम बदामाचं पीठ, एक अंडं, चमचाभर वितळलेलं लोणी, अर्धा चमचा बेकिंग पावडर चौकोनी डब्यात फेटून मायक्रोवेव्हमध्ये नव्वद सेकंद. आडवा कापून दोन चकत्या तव्यावर भाजा. आच मंद ठेवा, बदाम पटकन करपतो. गॅसवरच्या हातटोस्टरमध्ये हा ब्रेड दाबू नका, तुटतो.

सारणातला बटाटा काढून त्या जागी चाट मसाला, काळं मीठ घातलेलं कुस्करलेलं पनीर. काकडी, टोमॅटो, कांदा, सिमला मिरची बिनधास्त. बिटाला लोक घाबरतात, पण दोन पातळ चकत्यांत दीड-दोन ग्रॅमच असतात, तो लाल रंग ठेवा. चटणीकडे मात्र लक्ष हवं: सँडविचची हिरवी चटणी दाट करायला डाळं किंवा ब्रेडचा तुकडा घालतात, त्याऐवजी ओलं खोबरं घाला. आधी बटर, मग चटणी, मग भाज्या. बटरचा थर पाणी आत शिरू देत नाही.

ऑम्लेट पावाचं उत्तर उलटं करून मिळतं. दोन पातळ ऑम्लेट करा आणि तीच पाव समजा, मध्ये खिमा, मशरूम किंवा चीज. दाबेलीच्या वाटेला आम्ही जात नाही. बटाटा, खजुराची चटणी, शेव, पाव, सगळंच काढलं तर दाबेली म्हणायला काही उरत नाही. ती वर्षातून दोनदा खरीच खावी, अर्धी.

एक प्रश्न आला आहे: हे सगळं करून उपयोग होतो की नाही, कसं कळणार? घरात ग्लुकोमीटर असेल तर सोपं आहे. एके दिवशी नेहमीचं सँडविच, आठवड्याने त्याच वेळी हे. दोन्ही दिवशी खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवा.

आणि डब्यात नेण्याबद्दल: इसबगोलाचे पाव कापून फ्रीझरमध्ये महिनाभर सहज राहतात, सकाळी थेट तव्यावर टाकायचे. वडे मात्र डब्यात मऊ पडतात. डब्यासाठी पनीरचं सँडविच न्यावं, चटणी वेगळ्या डबीत.