सायलेन्सरचा सांधा आणि भाच्याचा हट्ट

मोटारगाडीच्या सायलेन्सरवर कुटुंबाच्या पानात लेख कशाला, असे आमच्या भगिनी विचारतील. विषय गाडीचा दिसतो खरा, पण तो घरातल्या माणसांच्या जिवाशी आणि कष्टकऱ्याच्या इमानाशीही जोडलेला आहे. म्हणून हे चार शब्द.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा कुर्ल्याला भाड्याच्या गाळ्यात गाड्या दुरुस्त करतो. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, मग आठ वर्षे एका उस्तादाच्या हाताखाली अॅम्बेसिडर गाड्यांची इंजिने उघडली. स्वतःचा गाळा घेऊन जेमतेम वर्ष झालेले. दर रविवारी त्याचा हिशेब लिहायला आम्ही जातो. अशाच एका रविवारी गाळ्यापुढे एक लाल, बुटकी, बिनछपराची, दोन आसनांची गाडी उभी होती. भोवती पोरांचा गराडा.

विलायतेची गाडी, ओळखीचे इंजिन

गाडी एमजीबी. इंग्लंडात अॅबिंग्डन या गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनत होती. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. त्यातल्या बऱ्याच अजूनही हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. अशी गाडी आमच्या भाच्याकडे कशी आली, याचे आम्हाला नवल वाटले. तो हसून म्हणाला, "मामा, बॉनेट उघडून बघा. आत अॅम्बेसिडरच आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. पश्चिम बंगालात उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत बनणारी आपली अॅम्बेसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे जुने १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सी.सी.चे इंजिन एकाच घराण्यातले, दोघांनाही ‘बी सिरीज’ म्हणतात. चार सिलिंडर, पण जळका धूर बाहेर पडायला तोंडे तीनच. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र तोंड, मधल्या दोघांचे सामाईक. सरकारी साहेबांच्या गाड्यांवर शिकलेली विद्या शौकिनाच्या गाडीला अशी उपयोगी पडली.

एकाच गाडीचे, पण एकमेकांचे नव्हेत

गाडीमालक शेठनी विलायतेहून दोन ठिकाणांहून माल मागवला होता. इंजिनाला बसणारा मॅनिफोल्ड एका दुकानाचा, मागची नळी आणि सायलेन्सर दुसऱ्या दुकानाचे. दोन्ही खोक्यांवर गाडीचे नाव एकच. पण मॅनिफोल्ड होता शर्यतीच्या पद्धतीचा, वाकवलेल्या नळ्यांचा, शेवटी एकच तोंड असलेला. मागची नळी होती मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डसाठी, जिला पुढे दोन पाय असतात. एकीचा व्यास दोन इंच, दुसरीचा पावणेदोन.

आधीच्या एका गॅरेजने यावर सोपा इलाज केला होता. नळीचे पाय कापले, तोंडाला चिरा पाडल्या, हातोडीने ठोकून बसवले, वर पत्र्याची पट्टी गुंडाळून क्लॅम्प आवळला. गाडी चालली, आवाजही मर्दानी आला. मात्र तासभर फिरून आले की शेठच्या मुलीचे डोके दुखायचे, तिला मळमळायचे. शेठचे म्हणणे, कार्बुरेटर बिघडला आहे, तेवढा जमवून द्या. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांची रॅली आहे.

भाच्याने थंड इंजिन सुरू केले, मागच्या नळीच्या तोंडावर क्षणभर फडके धरायला पोराला सांगितले आणि सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. भराभर बुडबुडे आले. मॅनिफोल्ड इंजिनाला टेकतो तिथेही काजळीचे काळे पट्टे होते. तो म्हणाला, "शेठ, हा धूर मुलीच्या नाकात जातोय. सांधा नीट होईपर्यंत कार्बुरेटरला हात लावणार नाही."

शेठ रागावले. खरे सांगायचे तर आम्हीही भाच्याला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, सांगतात तेवढे कर. गाळ्याचे भाडे थकले आहे." तो म्हणाला, "मामा, उद्या काही झाले तर नाव माझे येईल." आम्ही गप्प बसलो. चूक आमची होती.

काम कसे झाले

खरी मेख मॅनिफोल्डच्या वायसरात निघाली. या इंजिनात हवा आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा, असे दोन्ही मॅनिफोल्ड शेजारीशेजारी बसतात आणि एकच जाड वायसर दोघांच्या कडा एकदम दाबतो. नव्या मॅनिफोल्डची कड दोन मिलिमीटर पातळ. म्हणजे नट कितीही आवळा, वायसर जाड कडेवर टेकणार आणि पातळ कड मोकळीच राहणार. भाच्याने लेथवाल्याकडून पायरीचे वायसर करून घेतले, एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त. नवे पॅकिंग घातले, नट पितळेचे लावले, कारण लोखंडी नट उष्णतेने गंजून स्टडला चिकटतात.

दोन नळ्यांमध्ये दोन इंचांवरून पावणेदोनवर येणारा निमुळता तुकडा बसवला. चाळीच्या पन्हाळीत वरचा नळ खालच्या नळात घालतात. उलटा घातला तर सांधा गळतो. धुराचेही तसेच. पुढच्या नळीचे टोक मागच्या नळीच्या आत गेले पाहिजे.

सगळे सांधे आधी सैल ठेवले. इंजिन रबरावर बसलेले असते, ते हलते. नळी ताणून आवळली तर कुठेतरी तडा जाणारच. म्हणून मागे रबराचे टांगणे लावून, नळी कुठे घासत नाही हे पाहून, मग पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळला. शेवटचे टोक गाडीच्या पाठीबाहेर काढले, कारण उघड्या गाडीत मागची हवा फिरून आत येते. मग दोन्ही कार्बुरेटर जमवले. काम चार दिवस चालले आणि रॅली हुकली.

घरोघरी लक्षात ठेवण्यासारखे

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होणे, चक्कर, मळमळ ही त्याची पहिली खूण. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि त्या झोपेतून तो उठत नाही. म्हणून बंद गाळ्यात इंजिन चालू ठेवू नये. ए.सी. लावून उभ्या गाडीत झोपू नये. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्या आपल्या बांधवांनी नळीचा सांधा वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावा.

आणि आपल्या पोरांना एक सांगावे. बुलेटचा सायलेन्सर काढून फटफटाट करण्यात मर्दुमकी नाही. गाडीला सायलेन्सर हवाच, असा नियम आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराच्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

बिलाची गोष्ट

भाचा बिलावर नुसते ‘मजुरी’ लिहिणार होता. आम्ही कारकून माणूस. लेथचे वायसर, निमुळता तुकडा, पॅकिंग, पितळी नट, रबर, चार दिवसांची मजुरी, असे एकेक कलम मांडून दिले. आपण काय काय केले, हे कष्टकऱ्याने लिहून दाखवले पाहिजे, नाहीतर समोरच्याला ते दिसत नाही. शेठनी कागद दोनदा वाचला, रॅली हुकली म्हणून पाचशे रुपये कापले आणि बाकीचे दिले.

दोन महिन्यांनी त्याच शेठनी आपल्या ओळखीचे एक गृहस्थ जुनी गाडी घेऊन भाच्याकडे पाठवले. मुलीचे डोके आता दुखत नाही, असा निरोपही दिला. पाचशे रुपये मात्र आमच्या वहीत अजून येणे बाकीच आहेत. आम्ही ते खोडलेले नाहीत.