दाढीआधी तेल? चार थेंब पुरे

कोकणात पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचं जन्मगाव (११ सप्टेंबर १८९५). विनोबा म्हटलं की पांढरी दाढीच डोळ्यांपुढे येते, तेव्हा वस्तऱ्याची गोष्ट इथून काढणं जरा आगाऊपणाचंच! पण खोबरेल कोकणात घरोघरी असतं, आणि 'प्री-शेव्ह ऑइल' म्हणून चिमुकल्या बाटलीत महाग मिळतं त्यातही बहुधा एरंडेल, बदाम, खोबरेल असलीच तेलं असतात.

केस मऊ करतं ते पाणी, तेल नव्हे. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं दाढी भिजवली की केस पाणी पिऊन फुगतो आणि कमी जोरात कापला जातो. तेल फक्त पातं घसरायला मदत करतं. बोथट पात्यापुढे तेही हात टेकतं. म्हणून आधी पाणी, मग ओल्या गालावर तीन-चार थेंब, वर साबणाचा फेस. तेल जास्त झालं की ब्रश कितीही घोळवा, फेस बसतो आणि पात्यात केसांचा चिकटा अडकतो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पहाटेच्या गारठ्यात तळहातावर चोळून घ्यावं. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर मात्र खोबरेल नकोच, त्याने रंध्रं बुजू शकतात.