काचपेटीतील पाहुणी जेवेना तेव्हा

मराठी घरात पाल हा पाळण्याचा नव्हे, हाकलण्याचा प्राणी आहे. ती चुकचुकली की बोलणारा क्षणभर थांबतो, अंगावर पडली की पंचांगातील फळ पाहिले जाते. अशा घरातील मुलाने वाढदिवसाला पालच मागितली, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. इंग्लंड-अमेरिकेत मात्र पाल हा मुलांचा आवडता पाळीव प्राणी झाला आहे. तिचा केस गळत नाही, आवाज नाही, तिला फिरवायला न्यावे लागत नाही, आणि शाळेतील मित्राकडे ती असतेच.

लेस्टरमध्ये स्थायिक झालेले, मूळचे पुण्याकडचे एखादे व्यापारी जैन कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. नऊ वर्षांच्या नातवाचा हट्ट ऐकून घेतल्यावर आजी एकच प्रश्न विचारते, "अरे, पण ती खाणार काय?" सगळा विषय या प्रश्नात आहे, आणि तो पाल घरात येण्यापूर्वी विचारला जावा हे महत्त्वाचे. दुकानात सर्रास मिळणारी ठिपकेदार 'लेपर्ड गेको' ही पाल केवळ कीटक खाते, तेही बहुधा हलणारे, जिवंत. तिच्यासाठी रातकिडे आणि अळ्या डब्यातून विकत आणाव्या लागतात. तिला फळे वा भाज्या देऊन जगवता येत नाही, आणि तसा प्रयत्न करणे म्हणजे तिला सावकाश उपाशी मारणे होय. ज्या परंपरेतील पांजरापोळांत धान्यात सापडलेल्या किड्यांसाठीही 'जीवातखाना' नावाची स्वतंत्र खोली राखली जात असे, त्या परंपरेतील घराने ही पाल आणूच नये. यात तडजोडीला जागा नाही.

दुसरी एक जात आहे, 'क्रेस्टेड गेको'. डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखे काटे मिरवणारी ही पाल प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटसमूहातील. 1866 मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली, पुढे ती नामशेष झाली असे मानले गेले आणि 1994 मध्ये ती पुन्हा सापडली. तेव्हा आणलेल्या थोड्या पालींच्या वंशातून आज जगभरच्या घरांतील पाली जन्मल्या आहेत. रानात ती पिकलेली फळे आणि फुलांतील मध चाटते, कीटकही खाते. तिला शाकाहारी म्हणणे खरे नव्हे. परंतु तिच्यासाठी फळे, प्रथिने, जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम यांची तयार भुकटी मिळते, ती पाण्यात कालवून दिली की पुरते. केवळ या भुकटीवर वाढलेल्या पाली धडधाकट राहतात, अंडी घालतात. कीटक मिळणाऱ्या पिलापेक्षा त्यांची वाढ काहीशी संथ असते, इतकेच.

भुकटीच्या पाकिटावरील बारीक अक्षरे मात्र वाचलीच पाहिजेत. बिस्किटातील जिलेटिन शोधण्याची सवय असलेल्या गृहिणीला हे शिकवावे लागत नाही. काही भुकट्यांत प्रथिने दुधापासून घेतलेली असतात, काहींत अंडे असते, काहींत वाळवलेल्या अळ्यांचे पीठ, तर काहींत मध वा मधमाश्यांनी गोळा केलेले पराग. पाकिटावर नुसता आंब्याचा किंवा अंजिराचा रंगीत फोटो आहे म्हणून विश्वास ठेवू नये. कोणता घटक चालेल हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे.

यथावकाश पिलू घरी येते. आगपेटीपेक्षा थोडे लांब, वजन दोन-तीन ग्रॅम. पहिल्या रात्री बशी भरून ठेवली जाते आणि सकाळी ती जशीच्या तशी दिसते. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मुलाच्या डोळ्यांत पाणी येते आणि घरातील प्रत्येक जण काहीतरी सुचवू लागतो: केळे द्या, दूध द्या, पोळीचा कुस्करा द्या. येथेच बहुतेक घरे चुकतात. नव्या घरी आलेले पिलू आठवडाभर, क्वचित दोन आठवडेही, नीट खात नाही. जे खाते ते इतके थोडे असते की माणसाच्या नजरेला कळत नाही, चार-पाच वेळा जीभ लावली की त्याचे जेवण झाले. म्हणून बशी किती रिकामी झाली हे पाहू नये. कालवलेल्या भुकटीचा पृष्ठभाग रात्री गुळगुळीत करून ठेवावा आणि सकाळी त्यावर जिभेचे बारीक ठसे शोधावेत. त्याहून खात्रीची खूण म्हणजे विष्ठा, काळसर आणि टोकाशी पांढरी. ती दिसली की पिलू जेवते आहे.

शिवाय ते जेवते रात्रीच. सूर्यास्तापूर्वी ताट आवरणाऱ्या घरात, चौविहाराचे पाणी पिऊन आजी उठली की या पाहुणीचा दिवस उजाडतो. दिवसा तिच्यापुढे बशी नाचवून उपयोग नाही. संध्याकाळी एक भाग भुकटी आणि सुमारे दोन भाग पाणी असे कालवावे, ते पातळ लापशीसारखे व्हावे. पिलाला बाटलीच्या झाकणाएवढे पुरे. ही पाल झाडावर राहणारी असल्याने झाकण तळाशी न ठेवता उंचावर, पानांच्या आडोशाला बसवावे. पिलासाठी हे रोज ताजे हवे. उरलेले सकाळी काढून टाकावे, नाहीतर त्यावर बुरशी धरते आणि मुंग्या येतात. एका जिवाला जेवू घालताना शंभर मुंग्या काचपेटीत अडकवणे कोणत्याच घराला रुचणार नाही.

एवढे करूनही ती खात नसेल तर दोष बहुधा अन्नात नसतो, घरात असतो. हौसेने आणलेली भली मोठी काचपेटी हे पहिले कारण. तेवढ्या पसाऱ्यात दोन ग्रॅमच्या जिवाला झाकण सापडतच नाही. पहिले काही महिने झाकणाला भोके पाडलेली लहान प्लास्टिकची पेटी बरी. दुसरे कारण थंडी. या पालीला 22 ते 26 अंश तापमान मानवते. इंग्लंडच्या हिवाळ्यात रात्री घरातील हीटर बंद झाला की तिची भूक मंदावते. उलट 28 अंशांच्या वर तिला त्रास होतो, म्हणून पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवणे धोक्याचे. संध्याकाळी पेटीत पाण्याचा फवारा मारावा, पानांवरचे थेंब चाटून ती पाणी पिते. कात टाकण्याच्या वेळी ती एक-दोन दिवस जेवत नाही आणि शेवटी स्वतःची कातच खाऊन टाकते. हे पाहून मुले ओरडतात, पण तो तिचा स्वभाव आहे.

आणि हाताळणे! मुलाला ती रोज हातात घ्यायची असते. पहिले दोन आठवडे तरी घेऊ नये. घाबरलेले पिलू उपाशी राहते आणि प्रसंगी शेपटी टाकून देते. आपल्या भिंतीवरच्या पालीची शेपटी पुन्हा उगवते, हिची उगवत नाही.

खरोखरच चोखंदळ पिले असतात, हेही खरे. एखादे अंजिराच्या चवीला तोंड लावत नाही आणि आंब्याची भुकटी आनंदाने चाटते. चव बदलताना जुन्या भुकटीत नवी थोडी मिसळून हळूहळू प्रमाण वाढवावे. गोडी लावण्यासाठी पिकलेल्या आंब्याचा वा पपईचा थेंबभर गर वर घालावा. परंतु भुकटी बाजूला सारून केळ्यावर दिवस काढले तर कॅल्शियम कमी पडते, हाडे मऊ होतात, जबडा रबरासारखा लवतो, पाठ वाकते. झालेली वाकडी हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. दूध आणि पोळी तर देऊच नये. अगदीच गरज पडली तर मऊ कुंचल्याने थेंबभर मिश्रण नाकाच्या टोकाशी लावावे. या पालीला पापण्या मिटता येत नाहीत, डोळे आणि तोंड ती जिभेनेच पुसते, त्यामुळे लावलेले चाटले जाते आणि चव कळते. तोंड जबरदस्तीने उघडू नये.

अंदाजापेक्षा वजन बरे. स्वयंपाकघरातील काट्यावर दोन ग्रॅम दिसतही नाहीत, येथे सराफाचा काटा हवा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, लहान डबीत पिलू ठेवून वजन घ्यावे आणि वहीत लिहावे. रोजमेळ लिहिणाऱ्या आजोबांना हे काम सोपवले तर नातवाला जमाखर्चाचा पहिला धडाही मिळतो. आकडा स्थिर असेल तर धीर धरावा. लागोपाठ दोन-तीन आठवडे तो घसरला, शेपटीचे बूड बारीक झाले किंवा विष्ठा पातळ झाली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावे. पोटात जंत असल्यास विष्ठा तपासून कळते.

एक अवघड वेळ येऊ शकते. सर्व उपाय करूनही पिलू भुकटीला तोंड लावत नाही आणि पशुवैद्य सांगतात, याला काही दिवस कीटक द्या. तेव्हा घराने काय करावे? आपला नियम राखण्यासाठी पेटीतील जीव झुरू द्यावा, हे पटणारे नाही. मुलापासून लपवून रातकिड्यांचा डबा आणावा, हे त्याहून पटणारे नाही. ज्या घरी त्याला हवे ते मिळेल तेथे पिलू सोपवणे, आणि ते मुलाला खरे कारण सांगून सोपवणे, हाच मार्ग उरतो. मूल रडेल. पण ते रडणे प्रामाणिक कारणासाठी असेल.

म्हणून पिलू आणायला जाताना विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हे आजवर काय खात होते, कीटकांवर वाढले की भुकटीवर? भुकटी कोणती? आणि जमले नाही तर परत घ्याल काय? केवळ भुकटीवर निदान महिनाभर वाढलेले आणि कात टाकून झालेले पिलूच घ्यावे, सोबत त्याच भुकटीचे पाकीट घ्यावे. आणि सराफी काटा पिलाच्या आधी घरात यावा.