नाताळचे जेवण : आरंभीचे पदार्थ व तोंडीलावणी यांची आखणी

आगमनकाळ सुरू झाला की धर्मग्रामांत जन्मदृश्यांची तयारी, कॅरल गायन, पापनिवेदन आणि नवरोजप्रार्थना यांची लगबग सुरू होते. घरोघरी त्याच वेळी दुसरी तयारी चालू असते. नेवऱ्या, कलकल, दोदोल आणि केक यांचे डबे भरू लागतात. नाताळच्या दिवशी इंद्याल करायचे की सोरपोटेल, कोंबडी की मटण, पुलाव किती किलो तांदळाचा, या प्रश्नांवर कुटुंबात पुरेशी चर्चा होते. परंतु मुख्य जेवणापूर्वी पाहुण्यांपुढे काय ठेवायचे आणि ताटाच्या डाव्या बाजूला काय वाढायचे, याचा विचार बहुधा २४ डिसेंबरच्या रात्री होतो. परिणाम आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मुले वेफर्स आणि शीतपेयांवर पोट भरतात, आजी-आजोबांना तिखट मांसाखेरीज खाण्याजोगे काही उरत नाही आणि घरची माऊली सर्वांची जेवणे होईपर्यंत कढईपुढे उभी राहते.

प्रस्तुत लेखात आम्ही या दुर्लक्षित पदार्थांच्या आखणीविषयी काही विचार मांडीत आहोत. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, आरंभीचे पदार्थ व तोंडीलावणी अशी निवडावीत की घरातील लहानथोर, आणि रांधणारी व्यक्तीसुद्धा, एकाच पंगतीला बसू शकेल.

पंगत हाच सणाचा गाभा

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा सांगितला जातो. त्या गावी जन्मलेल्या बाळाला मरियेने गव्हाणीत, म्हणजे जनावरांच्या चाऱ्याच्या जागी ठेवले, असे संत लूक नमूद करतात. पुढे त्याच शुभवर्तमानात प्रभू येशू वारंवार कोणा ना कोणाच्या घरी जेवावयास बसलेला आढळतो. दहाव्या अध्यायातील मार्था आणि मरिया यांचा प्रसंग सर्वश्रुत आहे. मार्थेची सेवा प्रभूने नाकारली नाही. कामाच्या ओझ्याखाली ती अस्वस्थ झाली, याकडे त्याने तिचे लक्ष वेधले. आपल्या घरांतील मार्थांना नाताळच्या दिवशी थोडी उसंत द्यावयाची असेल, तर केवळ कौतुकाचे चार शब्द पुरेसे नाहीत. कामाची वाटणी आणि पदार्थांची निवड यांतच तो बदल व्हावयास हवा.

आधी वेळ ठरवावी

पदार्थ ठरविण्यापूर्वी जेवणाची वेळ ठरविणे अगत्याचे आहे. जागरणाच्या मिस्सेपूर्वी हलके जेवण आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्य भोजन, हा क्रम बहुतेक कुटुंबांना सोयीचा पडतो. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तासाचा उपवास पाळावयाचा असतो (धर्मविधिसंहिता, कलम ९१९). पाणी आणि औषधे यांना ही मर्यादा लागू नाही. वयोवृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तींना यातून सूट आहे. ही सूट अनेक वृद्धांना ठाऊक नसते. मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने 'मिस्सेनंतरच जेवीन' असा हट्ट धरू नये. नेहमीच्या वेळी थोडे खाऊन घ्यावे आणि औषधांच्या वेळेविषयी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

आणखी एक शंका अधूनमधून विचारली जाते. नाताळ शुक्रवारी आला तर मांसाहार चालेल काय? २०२६ साली २५ डिसेंबर हा शुक्रवार आहे, म्हणून तिचा उल्लेख येथे करतो. कलम १२५१ नुसार महोत्सव शुक्रवारी आल्यास त्या दिवशी मांसवर्जनाचे बंधन राहत नाही. नाताळ हा महोत्सवच आहे.

आरंभीचे पदार्थ : थोडे, लहान आणि तीनच

आरंभीच्या पदार्थांचे काम भूक भागविण्याचे नसून ती जागविण्याचे आहे. त्यांनीच पोट भरले तर मुख्य जेवण पातेल्यात उरते. आमच्या मते तीन प्रकार पुरेत. एक गरम तळलेला, एक आधी करून ठेवता येणारा आणि एक फळांचा वा भाज्यांचा. यांपैकी आयत्या वेळी तळावयाचा पदार्थ एकच असावा, हा नियम कटाक्षाने पाळावा. तीनही पदार्थ तळणीचे असले की घरातील एक व्यक्ती तासभर पंगतीबाहेर गेली, असेच समजावे.

उदाहरणादाखल १२ मोठी माणसे आणि ६ मुले यांचा हिशेब करू. तासाभरात मुख्य जेवण होणार असेल तर मोठ्या माणसामागे ५ आणि मुलामागे ३ नग पुरतात. म्हणजे ६० अधिक १८, एकूण ७८ नग. तीन प्रकारांत विभागल्यास प्रत्येकी २६. खिमा भरलेले बटाट्याचे पॅटिस करावयाचे असतील तर एक किलो बटाट्यांत लहान आकाराचे साधारण २५ होतात. ते आदल्या दिवशी वळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत आणि आयत्या वेळी रव्यात घोळून तळावेत.

आधी करून ठेवण्याजोग्या पदार्थांत हिरव्या चटणीचे लहान सँडविच, उकडलेल्या अंड्याचे अर्धे भाग किंवा शिरक्यात मुरविलेली कांदा-गाजराची फोडणीविरहित कोशिंबीर बिस्किटावर घालून देता येते. तिसऱ्या प्रकारासाठी बाजारात धावण्याची गरज नाही. डिसेंबरात वसईच्या वाडीत आणि बाजारात काकडी, गाजर, मुळा, बीट, पेरू, पपई हे सर्व मिळते. राजेळी केळ्यांपासून केलेली सुकेळी हा तर आपल्या भूमीचा वारसा. तिचे लहान तुकडे करून एका बशीत ठेवावेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना तिचे अप्रूप वाटते आणि मुलांना गोड खाल्ल्याचे समाधान मिळते. मात्र ती गोड असल्यामुळे मधुमेही व्यक्तींनी बेतानेच घ्यावी.

मुलांचे ताट वेगळे, पंगत एकच

मुले मोठ्यांच्या वेळेपर्यंत थांबू शकत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यासाठी आरंभीचे पदार्थ हेच निम्मे जेवण असते, हे ध्यानी घेऊन ते पौष्टिक ठेवावेत. उकडलेले मटार व मक्याचे दाणे, वाफवलेल्या रताळ्याच्या फोडी, पनीरचे तुकडे, संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी असे साधे पदार्थ मुले आनंदाने खातात. मांसाच्या बाबतीत एक सोपी युक्ती आहे. कोंबडी शिजत आली की मसाला घालण्यापूर्वी मुलांपुरते तुकडे बाजूला काढावेत, हाडे वेगळी करावीत आणि थोडे मीठ, मिरपूड व लोणी लावून परतावेत. वेगळा पदार्थ रांधावा लागत नाही आणि 'तिखट लागते' ही तक्रारही राहत नाही.

काही गोष्टींविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू, चणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षे देऊ नयेत; ती घशात अडकून श्वास कोंडण्याचा धोका असतो. द्राक्षे उभी चिरून चार भाग करावेत. आपले कडक कलकलही याच वर्गात मोडतात, हे आपल्या लक्षात येत नाही. टूथपिक टोचलेले पदार्थ मुलांच्या बशीत वाढू नयेत. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. रममध्ये भिजविलेल्या फळांच्या केकमधील मद्याचा अंश भाजताना पूर्णपणे उडून जात नाही आणि भाजल्यानंतर वरून ओतलेली रम तर तशीच राहते. तेव्हा मुलांसाठी आणि मद्य वर्ज्य असणाऱ्या मोठ्यांसाठी एक केक मद्याविना करून त्यावर तशी चिठ्ठी लावावी. मुले खात असताना एक मोठी व्यक्ती त्यांच्याजवळ बसलेली असावी.

मुलांना कामातही सामील करून घ्यावे. उकडलेले बटाटे कुस्करणे, मटार सोलणे, बशा पुसणे, प्रत्येक पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी लिहिणे ही कामे आठ-दहा वर्षांची मुले उत्तम करतात. स्वतः कुस्करलेल्या बटाट्याचे पॅटिस मूल नाकारीत नाही, हा आणखी एक लाभ.

तोंडीलावणी : ताटाचा तोल

आपले नाताळचे मुख्य पदार्थ शिरका, मिरची आणि चरबी यांनी समृद्ध असतात. म्हणून तोंडीलावणी सौम्य, ताजी आणि कमी तेलाची असावीत. तीन प्रकार ठेवल्यास मोठ्या माणसामागे प्रत्येकाची अर्धी वाटी आणि मुलामागे पाव वाटी धरावी. वरील कुटुंबाला प्रत्येक प्रकार साडेसात, म्हणजे धरून चालण्यास आठ वाट्या लागेल.

पहिले तोंडीलावणे दह्यातील काकडीची किंवा बिटाची कोशिंबीर. भाज्या सकाळी चिरून ठेवाव्यात. मीठ आणि दही वाढण्यापूर्वी घालावे, अन्यथा पाणी सुटते. दुसरे एखादे शिजविलेल्या भाजीचे. वसई-पालघर परिसरातील वाडवळी उकडहंडी या कामी अप्रतिम आहे. वालपापडी, वांगी, बटाटे, रताळी आणि कोनफळ यांना हिरवा लसूण, कोथिंबीर व ओल्या खोबऱ्याचे वाटण लावून बंद भांड्यात मंद आचेवर शिजविले की कोणीही तेथे उभे राहण्याची गरज उरत नाही. तिसरे फुगे किंवा तांदळाची भाकरी. फुगे गरमच गोड लागतात. तळणीचा एकमेव आरंभीचा पदार्थ ज्या कढईत झाला, तीच पुढे फुग्यांसाठी ठेवावी आणि तळण्याचे काम घरातील पुरुषांनी वाटून घ्यावे. पुलाव असेल तर मोठ्या माणसामागे ४ आणि मुलामागे २ फुगे, म्हणजे ६० फुगे पुरेसे होतात.

मधुमेही व्यक्तींसाठी जेवणाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कोशिंबीर व भाजी, मग मांस वा मासे आणि शेवटी भात किंवा फुगे असा क्रम ठेवल्यास जेवणानंतर रक्तातील साखर तुलनेने कमी वाढते. म्हणून कोशिंबिरीचे भांडे पुलावाच्या आधी फिरवावे. त्यामुळे आजोबांना वेगळे वागविल्यासारखे वाटत नाही, कारण सारी पंगतच तो क्रम पाळते.

शाकाहारी शेजाऱ्यांचा मान

दिवाळीत फराळाचे ताट आपल्या घरी येते आणि नाताळात आपले ताट शेजारी जाते. ही परंपरा आपण जपली पाहिजे. पाहुणे शाकाहारी असतील तर त्यांचे पदार्थ ताज्या तेलात आणि सर्वांत आधी तळावेत. पारंपरिक फुग्यांत अंडी असतात, हे त्यांना न विचारताही सांगावे. बाजारातील जेलीतील जिलेटिन प्राणिजन्य असते आणि वूस्टरशायर सॉसमध्ये पुष्कळदा मासे असतात, तेव्हा वेष्टनावरील हिरवे वा तपकिरी चिन्ह पाहावे. त्यांचा विश्वास राखणे हाही आदरातिथ्याचाच भाग होय.

कामाचे वेळापत्रक

इंद्याल आणि सोरपोटेल दोन-तीन दिवस मुरले की अधिक रुचकर लागतात. म्हणून ते २२ किंवा २३ डिसेंबरलाच शिजवून घ्यावेत. मोठ्या पातेल्यातील मांस तसेच ओट्यावर ठेवू नये. लहान, उथळ भांड्यांत काढून लवकर थंड करावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. दररोज सारे पातेले पुन्हापुन्हा गरम करण्याऐवजी लागेल तेवढेच काढून खळखळून उकळावे.

२४ डिसेंबरच्या सकाळी चटणी वाटावी, पॅटिस वळावेत, भाज्या धुऊन निवडून ठेवाव्यात आणि दुपारनंतर स्वयंपाकघर बंद करावे. संध्याकाळ मिस्सेच्या तयारीसाठी मोकळी राहावी. २५ तारखेला जेवणाच्या दोन तास आधी उकडहंडी चुलीवर चढवावी, अर्धा तास आधी कोशिंबीर कालवावी आणि शेवटी तळण करावे. कच्च्या अंड्यांचे मेयोनेझ असलेले सॅलड टाळणेच बरे. विकतचे मेयोनेझ वापरले तरी ते सॅलड वाढेपर्यंत फ्रीजमध्येच ठेवावे. आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारी ऊन चांगलेच तापते. टेबलावर दोन तासांहून अधिक काळ राहिलेले मांस, अंडी वा दुधाचे पदार्थ पुन्हा साठवू नयेत.

एक ताट अधिक

आखणी नीट झाली की अन्न वाया जात नाही आणि उरलेच तर ते चांगल्या स्थितीत उरते. लूकलिखित शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू यजमानाला सांगतो की, परतफेड करू शकणाऱ्यांपेक्षा ज्यांना ते शक्य नाही त्यांना बोलवावे. आपल्या धर्मग्रामात मुले परदेशी असल्यामुळे एकटे राहणारे वृद्ध आहेत, यंदा घरात मृत्यू झाल्यामुळे सण न करणारी कुटुंबे आहेत, गावापासून दूर राबणारे कामगार आहेत. हिशेब १८ जणांचा असेल तर तो १९ जणांचा करावा आणि ते एकोणिसावे ताट कोणासाठी, हे घरातील मुलांना ठरवू द्यावे. उरलेसुरले पाठविण्यापेक्षा, पंगतीत बोलावून पहिले वाढणे हे अधिक ख्रिस्ती आचरण होय.

भोजनापूर्वी कुटुंबप्रमुखाने छोटी प्रार्थना करावी आणि त्या वेळी स्वयंपाकघरात कोणीही मागे राहिलेले नसावे, एवढीच आमची विनंती. आमच्या सर्व वाचकांना ख्रिस्तजयंतीच्या हार्दिक शुभेच्छा!