नाण्याचं गाव ओळखताना: टांकसाळीच्या खुणा

येवल्यात येऊन पैठणीची पारख शिकवायचं धाडस आम्ही करणार नाही. उलट तुमचीच एक सवय आज उसनी घ्यायची आहे. पैठणी समोर आली की इथली बाई आधी पदर उलटा करून बघते. हातमागाची असेल तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. नाण्याचंही असंच आहे. राजाराणीचा चेहरा सगळ्यांनाच दिसतो. नाणं कुठे पाडलं ते सांगणारी खूण मात्र बहुधा मागच्या बाजूला, मोहरीएवढी असते.

ही खूण कशासाठी? एकाच राज्याच्या दोन-चार टांकसाळी असल्या आणि एखादं नाणं वजनाला किंवा कसाला कमी भरलं, तर जाब कुणाला विचारायचा? त्यासाठी ही खूण.

सुरुवात आपल्या शेजारापासून करू. मनमाडच्या पुढे चांदवड. तिथे होळकरांचा रंगमहाल आहे आणि तिथे टांकसाळही होती. चांदवडी रुपया हा शब्द घरातल्या जुन्या माणसांकडून तुम्ही ऐकला असेल. हा रुपया मराठ्यांचा, पण त्यावर मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं! यात गोंधळायचं कारण नाही. बाजारात ज्या नावाची पत होती, ते नाव ठेवणं व्यवहाराचं होतं.

या मजकुरात ‘जर्ब’ असा शब्द येतो. जर्ब म्हणजे ठोका, आणि त्याच्या लगत गावाचं नाव. अडचण अशी की ही नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे गावाचं नाव पुष्कळदा चकतीबाहेरच राहतं. मग आधार उरतो तो चित्रखुणांचा. अंकुश असला की पुण्याकडचा अंकुशी रुपया आठवायचा. शिवलिंग आणि बेलाचं पान असेल तर अहिल्याबाईंचं महेश्वर. किरणांचा सूर्यमुख असेल तर इंदूर, म्हणजे तेव्हाचं मल्हारनगर. पण एक सावधगिरी बाळगा. अंकुश एकाहून अधिक टांकसाळींनी वापरला आहे. म्हणून एकट्या खुणेवर गाव ठरवू नका. उरलेली अक्षरं, वजन, घडण हे सगळं जुळलं पाहिजे.

यंत्रावरची नाणी आली आणि काम सोपं झालं. व्हिक्टोरिया राणीच्या मुंबईच्या बऱ्याच रुपयांवर मागच्या बाजूला, सालाच्या खाली, बारीक इंग्रजी ‘बी’ सापडतो. पंचम जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर खालच्या कमळापाशी ठिपका असतो. तेच नाणं कलकत्त्याचं असेल तर काहीच नसतं. खूण नसणं हीसुद्धा खूणच! 1944 आणि 1945 च्या रुपयांवर ‘एल’ दिसला तर तो लाहोरचा. स्वातंत्र्यानंतर मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटीसारखी, हैदराबादची चांदणी आणि नोएडाचा गोल ठिपका. कलकत्त्याची जागा आजही कोरीच.

आता जरा वेगळ्या खुणा. 1985 च्या रुपयावर सालाखाली ‘एच’ दिसला तर तो रुपया इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला पाडलेला. 1988 च्या पंचवीस पैशांवर ‘सी’ असेल तर तो कॅनडाचा. सुट्ट्या पैशांची टंचाई होती, म्हणून सरकारने बाहेरून नाणी पाडून घेतली. आणि कुणाच्या घरी 1918 ची गिनी असेल, तर घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर भिंगाने बघा. तिथे ‘आय’ असेल, तर ती विलायती गिनी प्रत्यक्षात मुंबईत पाडलेली आहे. मुंबईत असं फक्त त्या एका सालाचं काम झालं.

फसगत कुठे होते तेही सांगतो, कारण आमचीही झाली आहे. एका रुपयावर चंद्रकोरीसारखी खूण दिसली आणि आम्ही चार दिवस पुस्तकं चाळत बसलो. निघाली काय, तर सराफाची पारख! चांदी आतपर्यंत खरी आहे का हे बघायला सराफ नाण्यावर छोटा ठोका मारत. तेव्हापासून आम्ही आधी विचारतो: खूण उठावात आहे की खोलात? ठशातून आलेली खूण सहसा उठावात असते, मागाहून मारलेली खोल जाते आणि भोवतालची चांदी सरकवते. ‘सहसा’ म्हणतो, कारण मुंबईचा तो ‘बी’ काही रुपयांवर उठावात आहे, तर काहींवर खोलात.

मागाहून मारलेली खूण नेहमीच टाकाऊ असते असंही नाही. याच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरवलेल्या राजाचं नाणं वितळवलं नाही. त्यावरच आपली मोहर उठवली आणि चालवलं. सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली, ते एका चकतीवर वाचता येतं.

शेवटचा मुद्दा पैशाचा. मागे एका व्याख्यानानंतर एक ताई भेटल्या. सासूबाईंच्या डब्यातल्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असा व्हिडिओ त्यांनी पाहिला, समोरच्याने ‘नोंदणी फी’ मागितली आणि त्यांनी ती भरली. पुढे फोन बंद. ते नाणं होतं नोएडाच्या ठिपक्याचं, कोट्यवधींनी पाडलेलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही आणि कसली फी किंवा कमिशन मागत नाही. विकत घेणारा आधी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा.

खूण दुर्मीळ असेल तर किंमत वाढते, हे खरं. पण खूण आधी गाव सांगते, भाव नंतर. म्हणून घरी गेल्यावर एवढंच करा. डबा उघडा, दहापट भिंग घ्या, तिरपा उजेड पाडा. नाणं घासू नका. चिंच, रांगोळी, पावडर काही लावू नका, कारण बारीक खूण आधी झिजते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा. व्हिक्टोरियाचा पुरा रुपया साधारण 11.66 ग्रॅम भरतो. शंका असेल तर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे अस्सल नाणी डोळ्यांखालून घाला. आणि मोडीत घालायच्या आधी एकदा पदर उलटून बघा. वितळलेल्या चांदीला गाव नसतं.

आता तुमची नाणी बघू या.